चाळीसपैकी

पायसांदूला गुरुवारी सिनेमा साडेनऊला सुटतो
आणि ते चौघे रस्ता ओलांडून माझ्याकडे येतात,
कोट न काढता, बगलेत थर्मास, आधीच भांडत.
मी टेबल पुसून ठेवलेलं असतं.
मधोमध कान तुटलेला मग,
चार खुर्च्यांपुढे दहा-दहा दाणे, काळ्या घेवड्याचे,
पत्त्यांच्या डावात गुण मांडायला असतात तेच.

नियम वॉशिंग्टनचा: आधी दाणे, मग तोंड.
वॉशिंग्टन म्हणजे शहर नव्हे, आमच्या इथला निवृत्त कारकून.
मांसाच्या कारखान्यात एकतीस वर्षं डबे मोजले त्याने,
आता कशालाही मोजून चार टाकतो.
"नमनालाच घडाभर तेल," म्हणतो,
"माणूस नुसतं दार उघडतो, त्यात माझी अर्धी सिगारेट झाली असती."

निदिया मध्यंतरानंतर झोपते.
झोपेतल्या भागाला ती सढळ हाताने गुण देते,
जागेपणीच्या भागाला नाक मुरडते.
आदेमार पूर्वी नदीच्या पुलावर जकात तपासायचा,
अजून प्रत्येक गोष्टीची बॅग उघडून बघतो:
हे पैसे कुठून आले? हिला पत्ता कुणी दिला?
उत्तर नाही मिळालं की एकेक दाणा खिशात.
कधी ते दाणे तसेच त्याच्या घरी जातात
आणि शुक्रवारी मला नवे निवडावे लागतात.
राहिली ब्लांका, पियानो शिकवणारी.
कुत्रा शेवटपर्यंत जगला तर दहा.
कुत्राच नसेल तर दिग्दर्शकाने धोका टाळला, सहा.

झाकल्या मुठी मगावर येतात.
कुणी किती सोडले ते एकमेकांना दिसत नाही.
मला ऐकू येतं.
बेरीज मी करते, चाळीसपैकी,
आणि कॅलेंडरवर त्या गुरुवारच्या चौकोनात लिहिते.

यातला एकही सिनेमा मी पाहिलेला नाही.
सिनेमा चालू असतो तेव्हा मी इथे दाणे मांडत असते.
मला ठाऊक आहेत फक्त त्यांची भांडणं,
त्यांवरून कपबशा धुताना मी सिनेमे जुळवते.
माझ्या सिनेमांत माणसं दार उघडतच राहतात,
मध्येच सगळं पेंगुळतं,
कुणाला तरी कुणाचा तरी पत्ता मिळतो, कसा ते कळत नाही.
कुत्रे सगळे जिवंत.

ऑगस्टमध्ये एका सिनेमाला मिळाले सात.
चौघांचे मिळून सात!
निदियाला म्हणे झोपसुद्धा लागली नाही.
ब्लांकाने एकच टाकला, टणक वाजला तो.
"रिकामा," म्हणाली. "आत काही घडतच नाही."
कुणी भांडायचीही तसदी घेतली नाही,
लवकर उठले, माझी बक्षिशी बुडाली.

रविवारी मी तिकीट काढलं, बहुधा रागानेच.
खरंच काही घडत नाही.
एक नवरा, एक बायको, खानावळीत बसून बोलतात,
फार वेळ, थोडंसं.
त्यांच्या मागे, जिथे चित्र अस्पष्ट होतं,
एक बाई टेबलं पुसते.
एक पुसून दुसऱ्याकडे जाते. फडकं उलटं करते.
खुर्ची मांडीने आत ढकलते,
हात भरलेले असले की ढकलतो तशी.
नवरा म्हणतो, मी जातो. बायको म्हणते, जा.
ती तिसऱ्या टेबलावरचा डाग खरवडत असते
नखाने.
तो निघाला की नाही, मला सांगता यायचं नाही.
डाग निघाला.

पुढच्या गुरुवारी नवा सिनेमा, नवी भांडणं, सव्वीस.
मी सव्वीस लिहिले,
मग मागच्या चौकोनातल्या सातावर काट मारून
लिहिलं एकेचाळीस.
आदेमारच्या नजरेतून काही सुटत नाही.
"चाळीसपैकी एकेचाळीस? बेरीज चुकली तुझी."
"नाही चुकली," म्हणाले,
आणि त्याच्या कोपराशी सांडलेली कॉफी पुसायला
फडकं उलटं केलं.