कारणाचा रकाना

फॉर्मवर तेरा रकाने.
नाव, वय, वजन, खोकला किती आठवड्यांचा,
घरात माणसं किती, खोल्या किती…
बारा मी उभ्याउभ्याच भरते, वही भिंतीला टेकवून.
तेरावा : कारण.
त्याला दिलेली जागा करंगळीच्या नखाएवढी.

तुर्भ्यात, बोनसरीच्या खाणीखाली,
शेवटच्या ओळीत दुर्गव्वा इटकरचं घर.
नवरा यल्लप्पा बेचाळिसाव्या वर्षी गेला.
दीर हणमंता त्याच्या मागोमाग, अडतिसाव्या.
खाणीच्या हजेरीपटावर दोघांचीही नावं नव्हती,
म्हणून छातीतली धूळही
कुणाच्या खात्यावर पडली नाही.
कागदावर आलं : क्षय.
आता सिद्राम. एकोणीस वर्षांचा.
पोरानं जन्मात घण उचललेला नाही,
मार्केटात कांद्याच्या गोणी मोजतो,
शर्टाच्या खिशाला पेन लावतो.
त्याच्या थुंकीची डबी पिशवीत ठेवत होते, तेव्हा
दुर्गव्वानं विचारलं,
"बाई, खरं सांगा,
आमच्या रगतातच हाय का ह्ये?"

प्रशिक्षणात पडद्यावर नकाशा होता,
त्यावर लाल ठिपके.
साहेब म्हणाले, काही वस्त्यांत प्रमाण जास्त आढळतं.
आढळतं!
जसा एखादा पक्षी,
ज्याला ठरावीक झाडंच आवडतात.
मी वहीत लिहून घेतलं होतं : जोखमीचे गट.
खाली रेघ मारली होती, पट्टीनं.

दुर्गव्वाला काय सांगू?
म्हटलं, रक्ताला वेगळी बाटली लागते, ती आज नाही आणली.
हसली नाही ती.
मग पिशवीतलं पत्रक काढलं आणि वाचून दाखवलं :
खिडक्या उघड्या ठेवा. हवा खेळती राहू द्या.

खिडकी एकच. बरोबर क्रशरच्या तोंडावर.
उघडली, की थापलेल्या भाकरीवर पिठी बसते,
दगडाची.
लावून घेतली, की चार माणसं
एकमेकांचा श्वास पुरवूनपुरवून वापरतात.
मी पत्रकाची घडी घातली.
ते नव्यासारखंच राहिलं.

हायवेपलीकडे सानपाड्यात रजनी फिरते, माझ्याच बॅचची.
तिच्या वहीत पानंच्या पानं निरंक.
खोकला तिथेही जातो. लिफ्टनं वर जातो,
चार दिवस पाहुण्यासारखा राहतो, निघतो.
अकराव्या मजल्यावरच्या एका बाईंना खरंच झाला होता, हाच.
त्यांना पगारी रजा मिळाली,
वेगळी खोली मिळाली, समोरासमोर दोन खिडक्यांची,
सहा महिन्यांत पेढे.
रजनीनं मलाही त्यातला अर्धा आणला होता,
गोड होता, खोटं कशाला बोलू.
त्या इमारतींच्या पायात इथलीच खडी आहे.
खडी पलीकडे गेली, पीठ अलीकडे राहिलं.
ही वाटणी कधी झाली, त्या दिवशी
दुर्गव्वा कामावर होती.

तेराव्या रकान्यात मी लिहिलं : खिडकी.

दोन दिवसांनी केंद्रावरून ऑपरेटरचा फोन.
"ताई, हे काय लिहिलंय? खिडकी हा पर्याय नाहीये.
यादीत तंबाखू आहे, कुपोषण आहे, घरातला रुग्ण आहे, अन्य आहे.
काय करू?"
मी विचारलं, "अन्यमध्ये किती अक्षरं बसतात?"
तो म्हणाला, "काहीच बसत नाही. नुसती टिक."

गोळ्या द्यायला गेले, तर खिडकी उघडी.
दुर्गव्वानं तिला ओलं लुगडं लावलेलं, आडवं, चार खिळ्यांवर.
वारा येत होता, गाळून.
"पत्रकात न्हाई ह्ये," म्हणाली, "मीच केलं."
सिद्राम आत झोपलेला, पेन खिशातच.
तिनं लुगडं उतरवलं, बादलीत पिळलं.
राखाडी पाणी. दाट.
एका दुपारचं.
मी बघत राहिले, आणि तिनं
उगाच वाया कशाला म्हणून
त्याच पाण्यानं चुलीला पोतेरं दिलं.