दोनशे फुटांचा हिशेब

चाळीस बाय साठ.
म्हणजे दोनशे फूट फिरून यायचं,
त्यातले दहा गेटाला.
लाईट बिलाच्या पाठीवर मी मांडत बसलो
आणि मालन खांद्यावरून वाकून म्हणाली,
"सात पुरे की. आमच्या दारात कुठली लॉरी येणार हाय?"

चिऱ्याची भिंत देखणी, यात वाद नाही.
खाणीवर बत्तीस, खानापुरात दारात पंचेचाळीस,
मधले तेरा रुपये रस्त्याच्या खड्ड्यांत सांडतात.
भरमाण्णा गवंडी बोटं मोडत गेला:
पाया, वाळू, सिमेंट, मजुरी.
लाखावर पोचला
तेव्हा त्याचा अंगठा मोडायचा राहिलाच होता.

माझ्याकडे भिशीचे अठ्ठेचाळीस हजार.

मग जाळी बघायला गेलो.
"दहा वर्षं गॅरंटी मामा," दुकानातलं पोरगं म्हणालं.
मी नखानं खरवडलं.
"नवा माल हाय, खरवडू नका की!"
नवा हाय म्हणूनच, बाळा.
तीस वर्षं डेपोत
बसगाड्यांच्या पोटाखाली उताणा झोपलोय मी.
जूनपासून दसऱ्यापर्यंत इकडचं पाणी
लोखंडाच्या कानात काय बोलतं
ते मला पाठ आहे.
जस्ताचा पातळ सदरा घालून
कुणी या गावात दहा वर्षं काढत नाही.

बांबू म्हटलं तर आधी वाळवीला विचारावं लागेल.
मेंदी शेळ्या शिल्लक ठेवणार नाहीत.
घायपात लावू? नातू अजून
पळताना पुढं बघत नाही.

तो सुट्टीला आलेला, पुण्याचा.
शेजारच्या निंगव्वानं परसातून ओरडून विचारलं,
"बेली यावाग हाकतीरी?"
आणि हा धावत आत: "आजोबा,
त्या आजी विचारतायत, वेली कधी लावणार?"

कन्नडात बेली म्हणजे कुंपण.
मी सांगणारच होतो.
मग बिल उलटं केलं, सुलटं केलं,
आणि म्हटलं, बरोबर ऐकलास.

समोर फक्त गुडघाभर चिरा.
बाकी तीन बाजूंना गिरिपुष्पाचे दांडे,
पाच फुटांवर एक, एकूण बत्तीस,
नंदगडच्या एका बांधावरून तोडून आणलेले, पंधराला एक.
कोपऱ्यात तेवढे सिमेंटचे खांब,
आणि काटेरी तार, तीन पदरी.

निंगव्वानं टेप धरायला लागली, तशी बघून म्हणाली,
मराठीत, म्हणजे तिच्या मराठीत,
"तीन तारांतून माझं शेळी जातंय, तुमचं पालक खातंय,
मग भांडण कुणाचं? पाच घाला.
वरच्या दोनचं पैसा मी देते."
तिच्या बाजूचे साठ फूट.
संध्याकाळी पदराच्या गाठीतून
सुटे मोजून दिले, आठ रुपये जास्तच,
ते परत घेईना.

एकूण एकोणतीस हजार सहाशे.
गेट अजून नाही.
लिलावातल्या भंगार बसचं मागचं दार लावलंय तात्पुरतं,
तीन फुटी. दहाचे सात झाले, साताचे तीन.
कुणी आत शिरलं की
मालन ओट्यावरून ओरडते, "रैट!"

आता ऑगस्ट सरत आलाय.
दांड्यांना पालवी आहे, निवडायला गेलो तर
कुठलं खांब आणि कुठलं झाड कळत नाही.
पंधराव्या दांड्यावर वाकून बघितलं:
तारेचा खिळा तांबारला होता
आणि सालीनं त्याला दोन्ही बाजूंनी
हळूहळू आत ओढायला घेतलं होतं.
आयुष्यभर मी गंज खरवडला.
कुणी त्याच्यावर पांघरूण घालताना
पहिल्यांदा बघितलं.

सोळावा मेला.
नुसता दांडा, तार धरून उभा.
निंगव्वा म्हणते, थांबा, कधी कधी उशिरा फुटतंय.
मी बिलाच्या पाठीवर एक ओळ मोकळी ठेवलीय:
दांडा एक, रुपये पंधरा.