म्हापसा, सव्वाचार

मासळी मार्केटच्या मागे, पुर्सोच्या गुळाच्या दुकानाला लागून
एक निळी भिंत आहे.
निळी म्हणजे चुन्यात नीळ कालवलेली, जागोजाग पोपडे,
कुठल्याशा निवडणुकीतला अर्धा हात,
सर्कशीच्या वाघाची शेपटी.
दोन पत्र्यांच्या फटीतून तिथे उजेड उतरतो
पाचर ठोकावी तसा.
सव्वाचार ते चार पंचवीस.
मग पत्रा जिंकतो.

आठवडाभर मी स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढते.
हनुवटी वर, कान दिसू देत, हसू नका.
लिस्बनला निघालेली पोरं, पेन्शनवाले,
नवी कवळी बसवून आलेले मिंगेल मामा.
दोन मिनिटांत माणूस कापून चौकोनात बसवायचा,
आठ प्रती.
शुक्रवारी अर्धी रजा टाकते
आणि भिंतीसमोर जाऊन उभी राहते,
कुणीतरी येईल म्हणून.

पहिल्या शुक्रवारी कुत्रं आलं.
मग दोन शुक्रवार नुसते ढग.
चौथ्याला पोदेर आला: सायकल, पावांची करंडी, भोंगा,
सगळं मनात होतं तसं,
आणि नेमका पाचरीत उतरून
नाक शिंकरत बसला.
सहाव्याला मी जमिनीवर खडूची खूण केली.
उजेड दर आठवड्याला चार बोटं सरकत होता;
तो काही माझ्या शुक्रवारांना बांधलेला नव्हता.
पुर्सो विचारायचा,
‘कोण येवपाचो आसा गो हांगा? मंत्री?’
मी हसायचे. पाय दुखायचे.
लोक याला धीर म्हणतात.
मला तो हट्टच वाटतो,
चपला झिजेपर्यंत उभा केलेला.

दहाव्या रात्री सगळे फोटो एकापाठोपाठ एक
पडद्यावर मोठे करून पाहिले.
भिंत, पाचर, भिंत, पाचर.
आणि डाव्या कोपऱ्यात, अगदी काठावर,
एका पाटीची कड.
पुढच्यात दोन बोटं, हिरव्या काचेची बांगडी.
त्याच्या पुढच्यात पायाची टाच.
दहाही फोटोंत कुणीतरी
बाहेर निघालेलं.

अकराव्याला मी भिंतीकडे पाहिलंच नाही.
चार वाजून पाच मिनिटांनी
मोयऱ्याची केळी घेऊन बसणारी पिएदाद
गुडघ्यावर हात टेकून उठली.
आधी पाटी ओढली, मग गोणपाट,
मग बसायचा दगड,
आणि जाऊन बसली गटाराच्या कडेला.
पत्रा जिंकल्यावर
सगळं पुन्हा जागच्या जागी.
मी विचारलं, हे काय?
‘तुका वणटीचो फोटो जाय न्हय बाये?
म्हजीं केळीं मदीं येतात.’

ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी, दर शुक्रवारी, वीस मिनिटं.
किती फण्या झाल्या असतील त्याच्या,
मी हिशेब करायला गेले आणि सोडला.
कुणी येण्याची वाट बघत होते मी,
आणि जी होती
ती माझ्यासाठी उठून जात होती.

बाराव्याला म्हटलं, हलू नकोस.
तर ती ताठ बसली. हनुवटी वर,
पदर मागे सारून दोन्ही कान मोकळे.
‘हांसूं नाका मगो?’
चार वर्षांपूर्वी आली होती म्हणे स्टुडिओत,
मला आठवत नव्हतं.
मी कॅमेरा खाली घेतला.
उजेड उतरला, केळ्यांवर चढला,
तिच्या कपाळावर आला, पुढे निघाला.
चार वीस. चार बावीस.
एक बाई आली, फणी उलटीपालटी करून
डाग दाखवू लागली.
पिएदाद भडकली. मला विसरली.
एक बोट वर, तोंडात अर्धा शब्द.
तेव्हा.

फोटो तसा खास नाही.
भिंत अर्धी कापली गेली आहे,
गिऱ्हाइकाचं कोपर वाघाच्या शेपटीवर,
आणि पाचर जवळजवळ संपलेली.
पिएदादने तो हातभर लांब धरून पाहिला,
मग नाकाशी आणून.
केळी बरी आली आहेत म्हणाली.
पाटीखालून पदराने पुसून एक नोट काढली
आणि आठ प्रती मागितल्या.