दिवाळे जेट्टी, सहावा कागद

पहिल्या कागदावर समुद्र निळा केला.
सवयीनं. शाळेत असाच असायचा.
मान वर केली तर समोर खाडी,
सांडलेल्या चहासारखी, कडेला शेवाळी,
आणि मध्ये एक रंग, जो माझ्या डबीतल्या
बारा वड्यांपैकी एकीतही नव्हता.

चौतीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात
मी पाइपांचे नकाशे काढले.
टी-स्क्वेअर, शून्य पॉइंट तीनचं पेन,
रेष चुकली तर ब्लेडनं खरवडायची.
पाणी माझ्याकडे बाणाच्या खुणेनं यायचं,
बाणाच्या खुणेनं जायचं.
कधी ओलं नव्हतं.

आता आधी कागद ओला करायचा, मग रंग सोडायचा
आणि हात मागं घ्यायचा, म्हणतात.
हात मागं घेणं जमत नाही.
दुसरा कागद असाच गेला: काठावरची खारफुटी
आभाळात शिरली, आभाळ मचव्यात,
मचवा माझ्या बाहीवर.

तिसऱ्यावर होडी काढली,
पट्टी न घेता, पण पट्टीसारखी.
चौथ्यावर तिला नांगर दिला, दोर दिला,
अंगावरचं नाव दिलं जसंच्या तसं, ‘जयवंती’,
खाली नोंदणी क्रमांकसुद्धा.
वाटलं, आता बिनचूक.

चांगुणाबाई जाळ्याचा फाटका भाग मांडीवर घेऊन
मघापासून माझ्या मागंच. सुई थांबवून म्हणाली,
“होरी बरी हाय दादा. पन ती पान्यान नाय,
पान्यावं ठेवलीस. कपाटावं ठेवतात तशी.”
आणि सुई पुन्हा चालू.
मी म्हटलं, म्हणजे?
“म्हंजे काय म्हंजे. अर्धी दिसत नाय ना ती.
नाय दिसत ती बी काढ.”

पाचवा कागद त्या न दिसणाऱ्या अर्ध्यानंच खाल्ला.
रबर चालवलं तर कागदाची साल निघाली.

मग काहीच काढलं नाही. बसलो.
ओहोटी लागली. तास-दीड तासानं जयवंती
एका कुशीवर कलली आणि चिखलात टेकली,
म्हैस टेकते तशी, सुस्कारा टाकून.
तिचं पोट उघडं पडलं:
काळं डांबर, त्यावर शिंपल्यांची खरूज,
एके ठिकाणी पत्र्याचं ठिगळ,
खिळे वाकडेतिकडे, कुणीतरी घाईत ठोकलेले,
बहुधा पाणी यायच्या आत.
तिथं क्रमांक नव्हता.

मी ते सगळं नीट पाहिलं.
काढलं मात्र नाही.

बाटलीतलं पाणी संपलं होतं; मगात खाडीचंच घेतलं.
भरती परतली तसा सहावा कागद भिजवला.
ठिगळ झाकलं, डांबर झाकलं, आणि जिथं
पाणी थांबलं तिथंच कुंचला थांबला.
खाली फक्त एक गढूळ फराटा, जरा जड.
मध्ये बोटभर कागद कोरा राहिला.
तिथं ऊन होतं की मी विसरलो, आठवत नाही.

वाळताना रंगात बारीक पांढुरके दाणे फुटले,
मिठाचे. तेवढं काम खाडीनं स्वतः केलं.

“बघा,” मी मागं वळून म्हटलं.
चांगुणाबाई जाळं गुंडाळत होती.
चित्राकडं तिनं पाहिलं की नाही, कळलं नाही;
हनुवटीनं पायरीकडं दाखवलं फक्त.
माझा मग
पायरीवरून सुटून निघाला होता,
जरा कललेला, अर्धा दिसत,
अर्धा नाही.