धुण्याची वही

सूरच्या क्लबात मी कपडे धुतो.
ओळखपत्रावर पद मोठं आहे, साहित्य-व्यवस्थापक,
पण काम म्हणाल तर दोन मशीन, एक दोरी,
आणि समुद्रावरून येणारा वारा,
जो वाळवतो कमी, खारवतो जास्त.

पेठेत आम्ही फुकट खेळायचो.
जिंकलं तर मिसळ,
हरलं तर तालमीच्या कट्ट्यावर शिव्या.
पायांना पगार असतो हे मला इथं येऊन कळलं.
तो बुडतो, हेही इथंच.

तीन नंबर, एब्रिमा. डावा बचाव.
नोव्हेंबरचा निम्मा आला.
डिसेंबरला "पुढच्या आठवड्यात".
जानेवारीत खलफानसाहेबांनी खजुराचा डबा दिला.
फेब्रुवारीत कुणी काही बोललंच नाही.
घरून फोन आला की तो
मैदानाच्या त्या टोकाला जायचा आणि हसायचा.
हसणं लांबून दिसतं.

मार्चमध्ये त्यानं अर्ज टाकला.
क्लबचं उत्तर आलं, दीड ओळीचं:
खेळाडू फेब्रुवारीत सरावाला आलाच नाही,
करार त्यानंच मोडला.
हजेरीपट सापडत नव्हता.
हजेरीपट अशा वेळी सापडत नसतो.

तू रोज काहीतरी लिहितोस ना, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, ते धुण्याचं आहे.
दोन रात्री झोप नाही. माझा व्हिसा क्लबच्या हातात,
आणि शंभरपानी वही उशीखाली,
साबणाचा वास मारणारी.

जूनमध्ये मस्कत. बाहेर डांबर मऊ,
आत एसी इतका की तिघाही साहेबांनी
पाण्याच्या बाटलीला हात लावला नाही.
दुभाषा हिंदीच्या आधारानं माझं मराठी वाचू लागला:

३ फेब्रु. नं. ३. उजवा गुडघा हिरवा. दोनदा घासला.
४ फेब्रु. नं. ३. बाही उसवली.
९ फेब्रु. नं. ३. रक्त, थोडं. गार पाणी. गेलं.
१७ फेब्रु. नं. ३. मोजा एकच. दुसरा शोधणे.

"उसवली"पाशी तो अडला.
मी माझ्या बाहीचा टाका ओढून दाखवला.
तिघं पुढं वाकून बघत राहिले,
जणू सगळा खटला त्या दोऱ्यात होता.

क्लबचा वकील म्हणाला,
तीन नंबर दुसऱ्या कुणीही घातला असेल.
मी म्हटलं, साहेब, कॉलर बघा. प्रत्येक पानावर आहे.
कॉलर ओली. कॉलर चावलेली.
कॉर्नर आला की हा कॉलर चावतो.
अख्ख्या संघात दुसरा कुणी चावत नाही.
एब्रिमानं मान खाली घातली,
लहान पोराची चोरी सापडावी तशी.

निकाल म्हणजे तडजोड.
तीन हप्ते, फेब्रुवारी धरून. व्याज सोडलं.
खाली एक वाक्य: यापुढे काहीही येणे नाही.
त्यानं ते दोनदा वाचलं, मग सही केली.
दुसरा हप्ता उशिरा आला. तिसऱ्याचं
त्यानं कळवलं नाही, मीही विचारलं नाही.

उठता उठता मी माझंही सांगून बघितलं होतं.
मधले साहेब चांगले होते. म्हणाले,
ही समिती फक्त खेळाडूंची.
धोब्याची कुठं असते,
हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

वही त्यांनी ठेवून घेतली, पुराव्यात.
इथल्या दुकानातून नवी आणली.
ती उजवीकडून उघडते,
म्हणून पहिलं पान मला शेवटचं वाटतं.
तिथं लिहिलं: एप्रिल, मे. माझे. बाकी.

मग रोजचं.
नं. ३. नवा मुलगा. घाम बराच.
कॉलर कोरडी.