तळटीप क्रमांक नऊ

मी तळटीपा लिहिते.
अलकापुरीत, चौथ्या मजल्यावर.
मोठे आकडे वर दुसरंच कुणी बसवतं,
खाली बारीक टायपात मी.

जानेवारी ते जून.
काढून टाकलेला मजकूर एक लाख बारा हजार आणि काही,
बहुतेक यंत्रानंच उचललेला.
कचेऱ्यांकडून आलेल्या नोटिसा त्रेसष्ट.
मान्य केल्या एक्कावन्न.
बारांना आम्ही नाही म्हटलं.
ही ओळ साहेबांना फार आवडते,
ती ते ठळक करतात.

दादा कोठी कचेरीत आवक-जावकला होते,
अठ्ठावीस वर्षं, बोटांना जांभळी शाई.
म्हणायचे, कागद फाडा, जाळा,
साहेबाच्या ड्रॉवरात कुजवा,
पण आधी त्याला नंबर द्या.
नंबर पडला की तो आला होता हे
कुणाच्या बापाला पुसता येत नाही.
बाप ते फक्त घरी काढायचे.

बाबाजीपुऱ्याच्या कोपऱ्यावर
धनसुखभाई घड्याळं दुरुस्त करतात.
मार्चमध्ये त्यांनी नाल्यातल्या मगरीचा व्हिडिओ टाकला.
मगर निवांत, मागे नव्या इमारतीचा भराव,
आणि त्यांचा आवाज: आता ही जाणार कुठे?
चार दिवसांत व्हिडिओ गेला.
मगर आहे अजून.

‘बेन, तुम्ही त्याच लाइनमध्ये ना?
मी तर कोणाला गाळ पण नाही बोललो.’
गाळ म्हणजे शिवी, त्यांच्या भाषेत.
माझ्या भाषेत, तळाशी बसतो तो.

मला ओळ माहीत होती. सतरावी.
सोबत अट: वापरणाऱ्यास कळवू नये.
गुप्ततेच्या कागदावर माझी सही आहे,
हप्ते आहेत, शाळेची फी आहे.
मी मनगट पुढे केलं,
म्हटलं, पट्टा बदलून द्या.
पट्टा चांगला होता.

त्या रात्री नवव्या टीपेत एक वाक्य घातलं:
यांपैकी चौदा जणांना कारण सांगता आलेलं नाही.
साहेबांनी काढलं.
पुन्हा घातलं.
पुन्हा काढलं, वर विचारलं, गरज काय?
मी म्हटलं, बेरीज जुळत नाही त्याशिवाय.
ते खोटं होतं, बेरीज छान जुळत होती.
शेवटी वकीलबाईंनी ‘जणांना’चं ‘प्रकरणांत’ केलं
आणि राहू दिलं.

मंगळवारी अहवाल खुला झाला,
कुणीही बघावा असा.
एका पेपरनं ठळक ओळ छापली.

धनसुखभाईंना मी एवढंच म्हटलं,
पान एकतीस, अगदी तळाला.
त्यांनी डोळ्याला भिंग लावलं,
केसाएवढ्या स्प्रिंगा बघायचं,
आणि फोन त्याच्याखाली धरून बसले.
मागे भिंतीवर दहा-बारा घड्याळं,
प्रत्येकाची वेळ निराळी.
एक गिऱ्हाईक आलं, उभं राहिलं, गेलं.

भिंग निघालं. डोळ्याभोवती गोल वळ.
‘चौदा,’ ते म्हणाले.
मग काउंटरवर थोडं पुढे वाकून, हळू,
‘बाकीचे तेरा कोण, बेन?’