स्लो बसत नाही

कुडचड्यात रेल्वे फाटकाच्या अलीकडे माझं गॅरेज.
खाणी चालू होत्या तेव्हा दिवसाला चार टिपर यायचे,
आता भिंतीवर त्यांच्या तांबड्या धुळीचा
कमरेइतका पट्टा तेवढा उरलाय.

नेव्हिल आला वडलांची एस्टीम घेऊन.
मांडीवर लांबट खोका, आत तेलकट कागद,
कागदात कॅमशाफ्ट.
बोटीवरचा पहिला पगार.

मी म्हटलं, बाबा, वर धावेल, खाली मरेल.
थर्डमध्ये चढणारी सेकंड मागेल.
रोज बाजाराला न्यायची असेल तर नको.
म्हणाला, बाजाराला आता कोण जातं.

मग काय. बॅटरी सोडवली, झाकण काढलं.
पुलीची खूण खुणेला लावली, बेल्ट सैल केला,
रॉकर, स्क्रू, कॅप
जुन्या पेपरावर ओळीने मांडले, जसे निघाले तसे:
एकाची जागा दुसऱ्याला चालत नाही.

जुना शाफ्ट हातात घेतला.
कायतानबाब फाटक पडलं की इंजिन बंद करायचे,
गाडी गेल्यावरही मागच्यांचे हॉर्न ऐकत
सावकाश चावी फिरवायचे.
बावीस वर्षांत एकही लोब खरवडलेला नाही.
विहिरीच्या काठावर दोर घासून दगड होतो
तसा गुळगुळीत.

नव्याचे लोब रुंद, खांदे उचललेले.
व्हॉल्व्ह जास्त उघडणार, जास्त वेळ उघडा राहणार.
डिग्रीची चकती लावली, डायल गेज टेकवला,
आणि पाना धरून इंजिन हाताने दोनदा फिरवलं,
श्वास रोखून,
कुठे पिस्टन व्हॉल्व्हला भेटतोय का ते बघत.

नेव्हिलने विचारलं, ओव्हरलॅप म्हणजे नेमकं काय?
मी सांगितलं:
धूर पुरता बाहेर गेलेला नसतो,
तोवर नवी हवा दारात येऊन उभी राहते.
थोडा वेळ दोन्ही दारं उघडी.
वेगात असलास तर जाणारा येणाऱ्याला ओढून घेतो.
उभा असलास तर दोघांची गल्लत.

तो चकतीकडे बघत राहिला.
मी फीलर गेज पुसत राहिलो, आधीच पुसलेला.

पहिली वीस मिनिटं दोन हजारांवर धरायची असतात,
खाली येऊ द्यायचं नाही, नवा लोब खरवडतो.
वीस मिनिटं आम्ही दोघं
एका पायाच्या दाबावर गप्प.

केप्याच्या रस्त्यावर पाच हजारांच्या पुढे
ती जी सुटली,
नेव्हिल हसला. दात दिसले.
महिन्याच्या मिसेनंतर प्रथमच असावेत.

आठव्या दिवशी परत आला.
बिघाड नाही म्हणाला, बॉनेट मात्र उघडून दिलं.
स्लो थोडा खाली येईल?
घुड घुड, अडखळ, घुड. अकराशेवर.
मी स्क्रू फिरवला, इंजिन मेलं.
पुन्हा फिरवला, पुन्हा मेलं.
या शाफ्टला शांत उभं राहता येत नाही, मी म्हटलं,
तो त्याचा स्वभाव.

मग म्हणाला, मिको उठत नाही.
पूर्वी वळणावर आवाज आला की गेटात असायचा.
आता भुंकतो.
आई टॉर्च घेऊन बाहेर येते,
कोण म्हणून विचारते.

जुना घालू का?
त्याने ॲक्सिलेटर दाबला, उत्तर म्हणून
की उत्तर टाळायला, कळलं नाही.

चौदा तारखेला तो बोटीवर गेला.
बॅटरी बसू नये म्हणून दर रविवारी
मी जाऊन गाडी चालू करतो.
त्याची आई पायरीवर उभी राहते,
चहा विचारते, आवाजाबद्दल बोलत नाही.
मिको पहिले दोन रविवार चिंचेमागून भुंकला.
परवा येऊन बंपरखाली पसरला,
जिथे ऊब येते तिथे.
ठोका चुकला की
त्याचा एक कान हलतो.

जुना शाफ्ट रॅकवर आहे, वरच्या फळीला.
तेल लावून, पेपरात गुंडाळून,
वर खडूने लिहिलंय: कायतान.
बिल केलेलं नाही त्याचं.